वीजबिल थकले? तरी नोटिशीविना वीज तोडता येत नाही

खास प्रतिनिधी

बिलाची मुदत उलटली की वायरमन दारात उभा राहणार, या धास्तीने अनेक कुटुंबे उसनवारी करून चुकीचे बिलही मुकाट्याने भरतात. वास्तविक थकबाकीदार ग्राहकालाही कायद्याचे संरक्षण आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीपोटी पुरवठा खंडित करण्यापूर्वी किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देणे बंधनकारक आहे. महावितरण, बेस्ट किंवा खासगी कंपनी, सर्वांना हा नियम सारखाच लागू आहे. नोटीस मिळाल्याचा आणि वीज तोडण्याचा दिवस या १५ दिवसांत धरता येत नाही. बिलावर छापलेली भरण्याची अंतिम तारीख म्हणजे ही नोटीस नव्हे.

‘आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, या क्रमांकावर संपर्क साधा’ असे बनावट संदेश २०२२ मध्ये राज्यात मोठ्या प्रमाणावर फिरले आणि अनेकांना गंडा घातला गेला. पंधरा दिवसांचा नियम ठाऊक असलेला ग्राहक अशा संदेशाला सहसा भुलणार नाही.

बिलाची रक्कमच मान्य नसेल तर काय करावे? याच कलमात त्याची तरतूद आहे. मात्र तिचा वापर फार थोडे ग्राहक करतात. मागणी केलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीनुसार होणारी दरमहाची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरल्यास वादाचा निर्णय होईपर्यंत वीज तोडता येत नाही. समजा, दरमहा सरासरी १,२०० रुपये बिल येणाऱ्या घराला एका महिन्याचे १८,००० रुपयांचे बिल आले, तर वाद मिटेपर्यंत त्या महिन्यापोटी १,२०० रुपये भरणे पुरेसे आहे. रक्कम निषेधासह भरत असल्याचे पत्र कार्यालयात द्यावे आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कुणाच्याही लक्षात राहत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे.

बिल बरोबर आहे, पण हाती पैसेच नाहीत, अशांना मात्र या तरतुदीचा उपयोग नाही. त्यांनी नोटिशीच्या मुदतीतच उपविभागीय कार्यालयाकडे हप्त्यांसाठी लेखी अर्ज करावा. करोनाच्या टाळेबंदीनंतर जून २०२० मध्ये आलेल्या फुगलेल्या बिलांसाठी हप्त्यांची सवलत देण्यात आली होती.

जुन्या थकबाकीबाबत गैरसमज अधिक आहेत. रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षे उलटली आणि ती बिलांत सातत्याने थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही. परंतु रक्कम ‘देय’ होते ती बिल दिल्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने अजमेर विद्युत वितरण निगमच्या प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट केले. त्या प्रकरणात कंपनीने चुकीचा दर लावला होता आणि ही चूक उशिरा उघडकीस आली. दोन वर्षांनंतरही पुरवणी बिलाची मागणी करता येईल, मात्र त्यासाठी वीज तोडता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

जुने घर विकत घेणाऱ्यांनी आधीच्या मालकाची थकबाकी अवश्य तपासावी. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार ती जागेसोबत येते; वारसांखेरीज अन्य खरेदीदारावरील बोजा मात्र जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या आकारापुरताच असतो. घर भाड्याचे असेल तर घरमालकालाही परस्पर वीज वा पाणी तोडता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ ने त्यास मनाई केली आहे.

कंपनीने दाद दिली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते. त्यासाठी वकिलाची गरज नाही. वीज तोडली जाण्याची भीती असल्यास अंतरिम आदेशही मागता येतो. मंचाचा निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे दाद मागावी. त्यांची कार्यालये मुंबई व नागपूर येथे आहेत. वीजचोरी आणि अनधिकृत वापराची प्रकरणे मात्र मंचाच्या कक्षेत येत नाहीत.