मुंबईच्या भिंती आणि रेडिओच्या लहरी

23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा गिरगाव-काळबादेवीकडच्या कितीतरी चाळी सागवानी सांगाडा, विटा, चुना आणि मंगलोरी कौले यांच्या होत्या. हे सारे पदार्थ विजेचे दुर्वाहक. शिवाय हे केंद्र ज्यांवर प्रसारण करी त्या मध्यमलहरींची तरंगलांबी, म्हणजे लहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर, काही शे मीटर असल्यामुळे हातभर जाडीची भिंत त्यांच्या वाटेत जवळजवळ नसल्यासारखीच होती. दहा रुपयांचा परवाना काढणाऱ्या श्रोत्याला गच्चीवर एरियलची तार ताणावी लागे, ती मुख्यतः प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॉट होती म्हणून.

भिंतींचा खरा अडसर 1930 नंतर, मरीन ड्राइव्हच्या भरावावर प्रबलित काँक्रीटच्या, म्हणजे पोटात लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या, इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हा जाणवू लागला. दोष सहसा सिमेंटला दिला जातो, पण मध्यमलहरींच्या बाबतीत तो अन्यायच आहे. कारण लहर अडते ती तारेने एकमेकींशी बांधलेल्या सळयांच्या जाळीपाशी. विद्युतवाहक पिंजऱ्याच्या आत बाहेरचा विद्युत प्रभाव पोहोचत नाही, हे मायकेल फॅरेडे यांनी 1836 मध्येच दाखवले होते, आणि जाळीचे छिद्र तरंगलांबीच्या मानाने लहान असेल तर लहरींनाही तोच नियम बराचसा लागू पडतो. समुद्राचा वारा भरभरून आत घेणारी खिडकीदेखील तीनशे मीटरच्या लहरीपुढे क्षुल्लक ठरते, त्यामुळे खिडकीलगत स्पष्ट ऐकू येणारे केंद्र माजघरात नेताच खरखरीत बुडून जाई. तांब्याच्या तारेची विणलेली जाळीदार पट्टी गॅलरीत ताणण्याची, आणि पुढे ट्रान्झिस्टर आल्यावर तो खिडकीत ठेवून हळूहळू फिरवण्याची रीत याच अडचणीवरचा उपाय होती; ट्रान्झिस्टरमधील फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी विशिष्ट दिशेनेच लहर नीट पकडते, हे सूत्र ठाऊक नसतानाही श्रोत्यांनी ते हाताने शोधून काढले होते.

1995 मध्ये मोबाइल सेवा आली आणि हा हिशेब उलटा झाला. 900 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 33 सेंटिमीटर असल्याने जी खिडकी मध्यमलहरींना निरुपयोगी होती, तीच आता संदेशाची मोठी वाट झाली. मात्र पूर्वी निर्दोष असलेले काँक्रीट आणि विटा आता लहरीची ऊर्जा शोषू लागल्या, आणि पावसाळ्यात ओल धरलेली भिंत तर अधिकच, कारण पाणी या लहरींना चांगलेच शोषते. नव्या कार्यालयांनी उष्णता अडवण्यासाठी धातूचा अतिसूक्ष्म थर दिलेली काच वापरली, तेव्हा दृष्टीला पारदर्शक असलेली खिडकीही लहरींसाठी बव्हंशी बंद झाली, आणि अशा इमारतींत मजल्यामजल्यावर छताला छोटे अँटेना बसवून बाहेरचा संदेश केबलने आत आणावा लागू लागला.