रडीचा डाव कोणाचा?

गल्लीतल्या विटीदांडूच्या खेळात भांडण जुंपले की ‘रडीचा डाव खडी’ अशी आरोळी उठते, आणि बहुधा ती दोन्ही बाजूंनी एकदमच उठते. लबाडी झाली याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत असते. ती कोणी केली एवढ्यापुरताच काय तो वाद. आज आम्ही ज्या खेळातील लबाडीच्या आरोपांचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहो, तो खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. अमेरिकेतील धंदेवाईक फुटबॉल हा तो खेळ. आपल्यापैकी कोणाचेच मन तेथील कोणत्या संघात गुंतलेले नसावे. म्हणूनच हा विषय आम्ही निवडला आहे. जेथे आपला कोणी नाही, तेथे न्याय करणे थोडे सोपे जाते.

प्रथम एका जुन्या सामन्याची हकीकत सांगतो. हा सामना धंदेवाईकांचा नव्हे, विद्यार्थ्यांचा होता. २४ नोव्हेंबर १९५१ रोजी प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यालयांची गाठ पडली. प्रिन्स्टनचा नामांकित खेळाडू डिक कॅझमायर नाक मोडल्यामुळे मैदानाबाहेर गेला. पुढे डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. प्रिन्स्टनने १३ विरुद्ध ० असा विजय मिळवला, पण भांडण तेथे संपले नाही. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रांतून एकमेकांवर आरोपांची सरबत्ती झाली. तेव्हा डार्टमथचे अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि प्रिन्स्टनचे हॅडली कॅन्ट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी सामन्याचा एकच चित्रपट दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना दाखवला आणि नियमभंग मोजण्यास सांगितले. त्यांचा निबंध १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. डार्टमथच्या खेळाडूंचे जितके अपराध डार्टमथच्या मुलांना दिसले, त्यांच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. त्याने तो चित्रपट पाहिला, आणि ज्या अपराधांचा एवढा गवगवा झाला होता ते त्यास कोठेच आढळेनात. चित्रपटाचा महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, तो कृपा करून विमानाने पाठवा, अशी तार त्याने केली! कापलेले काहीच नव्हते.

ही मुले खोटे बोलत नव्हती, हे ध्यानात घ्यावे. त्यांना खरोखरच तसे दिसले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण आपण तोंडाविषयी समजतो. वस्तुतः ती डोळ्यांविषयी आहे.

आता धंदेवाईक खेळाकडे वळू. या खेळास फुटबॉल म्हणतात खरे, पण त्यात पायाचे काम थोडे आणि हातांचे फार. चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असतो. अकरा-अकरा गडी समोरासमोर उभे राहतात, आणि प्रत्येक चाल आधी ठरवून, गुप्त ठेवून, मग खेळली जाते. चेंडू हाती घेऊन तो कोणाकडे फेकावयाचा हे ठरवणाऱ्या गड्यास क्वार्टरबॅक म्हणतात. मैदानाच्या कडेस उभे असलेले प्रशिक्षक हातांच्या खुणांनी निरोप देतात. जेथे गुपित हेच भांडवल, तेथे गुपित चोरण्याचा मोह आणि चोरल्याचा संशय, दोन्ही आलेच.

१९२० मध्ये ओहायो राज्यातील कॅन्टन गावी या संघांची संघटना स्थापन झाली. १९२२ पासून तिला नॅशनल फुटबॉल लीग म्हणतात. संघांचे मालक एक कमिशनर नेमतात. दंड करावा, खेळाडूस घरी बसवावे, असे मोठे अधिकार त्याच्या हाती असतात. १९६३ मध्ये पीट रोझेल या कमिशनरांनी पॉल हॉर्नंग आणि ॲलेक्स कॅरस या दोन गाजलेल्या खेळाडूंना सामन्यांवर पैजा लावल्याबद्दल बेमुदत निलंबित केले. स्वतःच्या संघाविरुद्ध त्यांनी पैज लावल्याचा पुरावा नव्हता. तरीही शिक्षा झाली. हॉर्नंग यांनी चूक कबूल केली, १९६४ मध्ये दोघेही परत आले, आणि रोझेल यांचा दबदबा वाढला. अपराध स्पष्ट होता, कबुली होती, म्हणून शिक्षा लोकांच्या पचनी पडली. पुढच्या प्रकरणांत हे भाग्य लाभले नाही.

९ सप्टेंबर २००७ चा दिवस. न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि न्यू यॉर्क जेट्स यांचा सामना चालू असता पेट्रियट्सचा एक नोकर जेट्सच्या प्रशिक्षकांच्या खुणा कॅमेऱ्याने टिपताना पकडला गेला. जेट्सचे मुख्य प्रशिक्षक एरिक मँजिनी हे पूर्वी पेट्रियट्सचे मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्याच हाताखाली काम केलेले. घरचाच माणूस, त्यास घरातील वाटा ठाऊक! येथे एक बारकावा आहे. प्रतिपक्षाच्या खुणा डोळ्यांनी पाहून ओळखणे हा अपराध नव्हे. मैदानाच्या कडेवरून त्यांचे चित्रण करण्यास मात्र मनाई होती, आणि २००६ मध्ये सर्व संघांस तशी लेखी समजही मिळाली होती. नियमाचा अर्थ आपण वेगळा समजलो, असे बेलिचिक म्हणाले. कमिशनर रॉजर गुडेल यांनी त्यांना ५ लाख डॉलर आणि संघास अडीच लाख डॉलर दंड केला. शिवाय नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील पहिल्या फेरीचा हक्क काढून घेतला.

शिक्षा जबर होती. पण त्यानंतर गुडेल यांच्या कार्यालयाने जप्त केलेल्या चित्रफिती नष्ट करून टाकल्या. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील ही सर्वांत मोठी चूक होय. पुरावा उरला नाही, तेव्हा प्रत्येकास आपापल्या कल्पनेप्रमाणे पुरावा रचण्याची मुभा मिळाली. पेट्रियट्सकडून पूर्वी हरलेल्या प्रत्येक गावात जुनी जखम पुन्हा वाहू लागली. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांनी फिती का नष्ट केल्या गेल्या म्हणून जाहीर जाब विचारला. प्रश्न रास्त होता. परंतु स्पेक्टर हे फिलाडेल्फिया ईगल्सचे निस्सीम चाहते होते, आणि ईगल्स २००५ च्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, याच पेट्रियट्सकडून २४–२१ असे हरले होते, हेही लोक विसरले नाहीत. फेब्रुवारी २००८ मध्ये ‘बॉस्टन हेरल्ड’ या पेट्रियट्सच्या गावच्याच पत्राने आणखी एक बातमी दिली: २००२ च्या सुपर बोलपूर्वी पेट्रियट्सने प्रतिपक्षाच्या सरावाचे चोरून चित्रण केले होते. मे महिन्यात पत्राने ती बातमी चुकीची असल्याचे मान्य करून माफी मागितली. पण माफीचे पाऊल नेहमी बातमीच्या मागून पडते. तो खोटा आरोप पुढे कित्येक वर्षे लोकांच्या तोंडी राहिला.

अशा तापलेल्या वातावरणात १८ जानेवारी २०१५ चा सामना आला. पेट्रियट्सनी इंडियानापोलिस कोल्ट्सचा ४५–७ असा पराभव केला. मध्यंतरात पंचांनी पेट्रियट्सचे अकरा चेंडू तपासले, तेव्हा सर्वांत हवा कमी भरली. नियमाप्रमाणे दाब दर चौरस इंचास साडेबारा ते साडेतेरा पौंड हवा. नरम चेंडू बोटांत नीट बसतो, आणि प्रत्येक संघ चढाईच्या वेळी आपापले चेंडू वापरतो. म्हणून संशय थेट क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी यांच्यावर गेला. उत्तरार्धात हवा भरलेल्या चेंडूंनी पेट्रियट्सनी २८ गुण केले आणि एकही दिला नाही, ही गोष्ट त्यांचे चाहते लगेच पुढे करू लागले.

यानंतर जे घडले ते मौजेचे आहे. न्हाव्याच्या दुकानात आणि खानावळीत बसून माणसे भौतिकशास्त्र बोलू लागली. उबदार खोलीत हवा भरलेला चेंडू थंड मैदानावर नेला की आतील दाब आपोआप उतरतो, हा शाळेत शिकवला जाणारा नियम. किती उतरतो, एवढाच प्रश्न. न्यू इंग्लंडच्या माणसाचे उत्तर ‘तेवढाच’ असे येई; बाहेरच्या माणसाचे ‘तेवढा नव्हे’. चौकशी करणारे वकील टेड वेल्स यांचा २४३ पानांचा अहवाल मे २०१५ मध्ये निघाला. केवळ थंडीने सर्व घट समजावता येत नाही, आणि संघाच्या दोघा नोकरांनी हवा काढली असण्याचा, तसेच ब्रेडी यांना याची साधारण कल्पना असण्याचा संभव नसण्यापेक्षा अधिक आहे, असा त्याचा निष्कर्ष. एक नोकर चेंडूंची पिशवी घेऊन सामन्यापूर्वी शौचालयात १ मिनिट ४० सेकंद होता, हे चित्रणावरून दिसले. उलट बाजूस, सामन्यापूर्वीचे दाब कोणी लिहून ठेवले नव्हते, आणि मोजणारी दोन यंत्रे एकमेकांशी जुळत नव्हती. ज्याने त्याने आपल्या सोयीचे पान उघडावे असा हा ग्रंथ होता.

ब्रेडी यांना चार सामने बाहेर बसण्याची आणि संघास १० लाख डॉलर दंडाची शिक्षा झाली. शिक्षेवर अपील झाले, तेही गुडेल यांच्यापुढेच! ज्यांनी शिक्षा फर्मावली त्यांनीच ती योग्य ठरवली. ब्रेडी यांनी आपला फोन नष्ट करविला होता, हा मुद्दा तेव्हा त्यांच्याविरुद्ध गेला. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी शिक्षा रद्द केली. एप्रिल २०१६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ती पुन्हा कायम केली. पण न्यायालयापुढचा प्रश्न कमिशनरास अधिकार आहे की नाही हा होता. हवा काढली की नाही, हे न्यायालयाने ठरवले नाही. ब्रेडी चार सामने बसले, परत आले, आणि ५ फेब्रुवारी २०१७ रोजी ह्यूस्टन येथे २८–३ अशा पिछाडीवरून संघाने सुपर बोल ३४–२८ असा जिंकला. चषक देण्यास गुडेल उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांच्या हुर्योत त्यांचा शब्द ऐकू येईना.

हे सारे वेड आहे, असे म्हणून आपण सुटू शकत नाही. त्यासाठी न्यू ऑर्लिन्सकडे पाहावे. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने ते शहर बुडाले. बेघर झालेली हजारो माणसे सुपरडोम या क्रीडागृहात आसऱ्याला होती. तेच क्रीडागृह सप्टेंबर २००६ मध्ये सामन्यासाठी पुन्हा उघडले, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तेथील सेंट्स संघाने सुपर बोल जिंकला. त्या गावास तो नुसता चषक नव्हता. आपण अजून जिवंत आहो याची ती पावती होती. २०१२ मध्ये उघडकीस आले की, प्रतिस्पर्ध्यास जायबंदी करणाऱ्या टोल्यांसाठी सेंट्सच्या खेळाडूंत बक्षिसे वाटली जात होती. मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन यांना संपूर्ण हंगामाची बंदी झाली. आरोप गंभीर होता. दुसऱ्याच्या हाडांचा प्रश्न होता. तरी गाव संघामागे उभे राहिले. फेब्रुवारी २०१३ चा सुपर बोल न्यू ऑर्लिन्समध्येच भरला, तेव्हा गुडेल यांची छायाचित्रे खानावळींत झळकली: या माणसास वाढू नये! पुढे काय झाले पाहा. खेळाडूंचे अपील ऐकण्यास गुडेल यांनी माजी कमिशनर पॉल टॅग्लिअब्यू यांस नेमले होते. त्यांनी डिसेंबर २०१२ मध्ये घटना खऱ्या मानल्या, पण चारही खेळाडूंच्या शिक्षा रद्द केल्या. दोष मुख्यतः प्रशिक्षकांचा आणि संघटनेच्या कारभाराचा, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे गावाचा राग अर्धा आंधळा होता आणि अर्धा डोळस. बक्षिसांची गोष्ट गावाने नाकारली, ती चूक. न्याय घाईने झाला असे गाव म्हणाले, ते बरोबर.

आणि आपण? नोव्हेंबर २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथच्या कसोटीत सामनाधिकारी माइक डेनेस यांनी आपल्या मुंबईच्या सचिन तेंडुलकर यांना चेंडूसंबंधीच्या नियमभंगाबद्दल दंड आणि एका सामन्याची स्थगित बंदी ठोठावली. देशात पुतळे जळाले, संसदेत आवाज उठला. चेंडूवरील माती आणि गवत काढताना पंचांस सांगावे लागते, असा तो नियम. त्या दिवसांत आपल्यापैकी किती जणांनी नियमाचे पुस्तक उघडून पाहिले होते? आम्ही तरी पाहिले नव्हते. आमचा राग कदाचित योग्यही असेल. मैदानावरच्या पंचांनी स्वतः तक्रार केली नव्हती. पण तो राग आम्हांस नियम वाचण्याआधी आला होता, हे कबूल केले पाहिजे.

तात्पर्य, श्रोतेहो, या इतिहासातून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. चाहत्याचे डोळे प्रेमाने रंगलेले असतात, आणि ते तसेच राहणार. प्रेम काढून घेतले तर क्रीडागृह रिकामे पडेल. म्हणूनच न्याय देणारा तरी वेगळा हवा. आरोप करणारा, शिक्षा देणारा आणि अपील ऐकणारा एकच झाला, पुरावा नष्ट केला गेला, मोजमाप लिहिलेच गेले नाही, की खरा अपराधीही हुतात्मा ठरतो आणि निरपराध्यावरचा डागही पुसला जात नाही. हरलेल्या गावास ‘आपण नीट हरलो’ एवढा भरवसा हवा असतो. तो देता आला नाही, तर जिंकलेल्याचा चषकही उणाच राहतो. आणि आपल्यापुरते म्हणाल, तर पुढच्या वेळी तोंडावर ‘रडीचा डाव’ आला की क्षणभर थांबावे, दोन्ही संघांचे सदरे मनातल्या मनात बदलून पाहावे, आणि तरीही तेच शब्द तोंडावर राहिले, तर मग खुशाल ओरडावे.