अफर्मेटिव्ह प्ले आणि आर्ट थेरपी म्हणजे काय? पालकांनी काय विचारावं?

मुलगा 'बायकी' वागतो, किंवा मुलगी कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नाही, म्हणून पालक समुपदेशकाकडे जातात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: हे कधी बरं होईल? अफर्मेटिव्ह थेरपीत लैंगिक कल, लिंगओळख किंवा मेंदूची वेगळी घडण यांना बरं करण्याची गोष्ट मानलंच जात नाही. काम होतं ते भीती, एकटेपणा, चिडवण्यातून आलेला ताण आणि उडालेली झोप यांवर.

समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर अशा व्यक्तींसाठी 'क्वीअर' हा एकत्रित शब्द वापरतात. ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया असलेल्यांना 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हणतात. काही मुलं दोन्हींत मोडतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२० मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा ट्रान्सजेंडर आणि लिंगविविध व्यक्तींमध्ये ऑटिझमचं प्रमाण इतरांच्या ३ ते ६ पट आढळलं.

थेरपीच्या खोलीत काय होतं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ मध्ये प्ले थेरपीवर पुस्तक लिहिलं. त्यांचं सूत्र साधं होतं: वाट मूल दाखवेल, थेरपिस्ट मागून चालेल. खोलीत वाळू, बाहुल्या, माती, रंग असतात. काय खेळायचं ते मूल ठरवतं. ऑटिस्टिक मूल तासभर गाड्यांची रांग लावत असेल तर थेरपिस्ट ती मोडत नाही, शेजारी बसून स्वतःची रांग लावतो. हात फडफडवणं थांबवलं जात नाही, नजरेला नजर देण्याची सक्ती नसते. ट्यूबलाइटची गुणगुण सहन होत नसेल तर ती बंद होते.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना बाहुल्या पोरकट वाटतात. त्यांच्यासाठी मुखवटे, कॉमिक्स, गाणी, नाटक. चित्रात काळा रंग दिसला म्हणजे नैराश्य, असं पत्रिका पाहिल्यासारखं भाकीत करणाऱ्यापासून मात्र सावध राहा. चित्राचा अर्थ काढणाऱ्यानेच सांगायचा असतो.

नाटकाच्या बाबतीत थोडं थांबायला हवं. संगमनेर हे शाहीर अनंत फंदींचं गाव. तमाशा कलावंत कांताबाई सातारकर यांचं २०२१ मध्ये इथेच निधन झालं. तमाशात पुरुषाने बायकी हावभाव करणं नवं नाही, पण नाच्या आला की प्रेक्षक हसतात. पडद्यावर नाच्या गाजवणाऱ्या गणपत पाटलांना तर खऱ्या आयुष्यातही टिंगल सोसावी लागली. शाळेत तोच शब्द शिवीसारखा वापरला जातो. म्हणून ड्रामा थेरपीत भूमिका मूल स्वतः निवडतं, कुणासमोर सादर करायची सक्ती नसते.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ नुसार समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणं या आधारावर कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये 'कन्व्हर्जन थेरपी', म्हणजे लैंगिक कल किंवा ओळख बदलण्याचे 'उपचार', हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. 'सहा महिन्यांत नॉर्मल करून देतो' म्हणणाऱ्याकडून उठून यावं, हे उत्तम.

पहिल्या भेटीत विचारा: प्रशिक्षण कुठे झालं? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? मुलाने सांगितलेलं आम्हाला किती सांगणार? जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल तर गुप्तता पाळता येत नाही. पण मुलाचा कल त्याच्या संमतीशिवाय पालकांपुढे उघड करणं हे वाईट काम. छोट्या गावात दवाखान्याबाहेर कुणाची गाडी उभी आहे हेही लोक बघतात. त्यामुळे काही कुटुंबं नाशिक-पुण्याला जाणं किंवा ऑनलाइन भेट पसंत करतात. ऑनलाइन असेल तर मुलाला दार लावता येईल अशी खोली द्या.

या थेरपीवरचे, विशेषतः दोन्ही गटांत मोडणाऱ्या मुलांवरचे अभ्यास अजून थोडे आणि छोटे आहेत. खर्चही झेपेलच असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांमध्ये तपासणी करतात आणि विकासातल्या अडचणी असलेल्या मुलांना पुढे पाठवतात. तिथून सुरुवात करता येते. मूल जीव देण्याची भाषा करत असेल तर थेरपिस्ट मिळेपर्यंत थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.