'आधी त्याच्याकडे जा' म्हणणारा जामीनदार

कुणी कर्जासाठी तुमची जामीनदार म्हणून सही मागितली, तर तुम्ही काय समजता? "तो बुडाला तरच बँक आपल्याकडे येईल," हेच ना? करार कायद्याचं कलम १२८ मात्र १८७२ पासून सांगतंय की, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच.

गंमत म्हणजे न्यायालयांनाही हे कठोर वाटलंय. 'बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद' काढून वाचा. पाटण्याच्या कोर्टाने बँकेला दोघांविरुद्ध हुकूमनामा दिला, पण अट घातली: आधी ऋणकोकडून वसुलीचे सगळे मार्ग संपवा. उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट १९६८ ला ती उडवली. न्या. बचावत यांचा मुद्दा साधा होता. बँकेला थांबवलं तर जामीन घ्यायचाच कशाला? (निकाल १९६८ चा, एआयआरमध्ये १९६९. तळटिपेत इथे हमखास घोळ होतो.)

२०१९ च्या अधिसूचनेने कंपन्यांचे वैयक्तिक जामीनदार दिवाळखोरी संहितेखाली आले, आणि जुनाच प्रश्न नव्या कपड्यात उभा राहिला. कंपनीची निराकरण योजना मंजूर झाली म्हणजे आम्ही सुटलो ना? ललित कुमार जैन प्रकरणात २०२१ ला उत्तर मिळालं: आपोआप नाही.

आता तुमच्यासाठी. निकालपत्रात कलमं सापडतील, पण सही करताना जामीनदाराला काय सांगितलं गेलं ते क्वचितच सापडेल. म्हणून बँकांच्या हमीपत्रांचे जुने छापील नमुने शोधा. कलम १३३ ते १४१ मधलं संरक्षण बरेचदा तिथल्याच बारीक अक्षरांत सोडून दिलेलं असतं.