रोहित्र, तैलशीतित

प्रत्यावर्ती (ठराविक कालाने दिशा बदलणाऱ्या) विद्युत् प्रवाहाचा दाब वाढविणाऱ्या किंवा उतरविणाऱ्या साधनास रोहित्र म्हणतात. १८८५ मध्ये बूडापेस्ट येथे झिपेर्नोव्स्की, ब्लाथी व देरी यांनी बनविलेली बंद गाभ्याची रोहित्रे हवेनेच थंड होत. १८९१ मध्ये जर्मनीतील लाउफेन येथून फ्रँकफुर्टपर्यंत सु. १७५ किमी. वीज नेताना दाब १५,००० व्होल्टपर्यंत चढविला गेला. त्यासाठी रोहित्रे तेलात बुडविण्यात आली. निरोधनासाठी आणलेले हे तेल पुढे उष्णतेचे वाहक म्हणूनही अपरिहार्य ठरले. रोहित्र मोठे केले, तर त्यातील ऊर्जाव्यय साधारणतः घनफळाच्या प्रमाणात वाढतो. उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग त्या मानाने फारच कमी वाढतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी हॅडफील्ड यांच्या सिलिकॉनयुक्त पोलादामुळे गाभ्यातील व्यय घटला, तरी शीतनाची गरज उरलीच. पातळ पत्र्यांचा गाभा व त्यावरील कागदाने वेढलेल्या तारांची वेटोळी टाकीतील तेलात असतात. तापलेले तेल हलके होऊन वर चढते, टाकीबाहेरील नळ्यांत शिरून निवते आणि तळाशी परत येते. मोठ्या रोहित्रांत याला पंखे व पंप यांची जोड देतात. तेलाच्या प्रसरणासाठी वर एक लहान टाकी असते. तीत येणारी हवा सिलिका जेलमधून कोरडी होऊन येते. निळे जेल गुलाबी झाले, की ते बदलावे लागते.

महाराष्ट्रात खोपोली (१९१५) व कोयना (१९६२) येथील वीज मुंबईस नेण्यासाठी उच्च दाबाची रोहित्रे आवश्यक ठरली. उंब्रजसारख्या (ता. कराड, जि. सातारा) कृष्णाकाठच्या गावांत मात्र लोकांच्या परिचयाचे असते ते ११,००० व्होल्टचा दाब ४३३ व्होल्टवर आणणारे खांबावरील लहान रोहित्र. बोलीत त्यास सर्रास ‘डीपी’ म्हणतात. उसाला पाणी देणारे पंप उन्हाळ्यात एकाच वेळी चालू होतात. म्हणजे भार सर्वाधिक असतो तेव्हाच भोवतालची हवाही तप्त असते. वेटोळ्यांचे तापमान विहित मर्यादेपलीकडे सु. ६° से. वाढले, तरी कागदी निरोधनाचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. तेलगळतीकडे झालेले दुर्लक्ष याहून घातक होय. तेलाची पातळी नळ्यांच्या वरच्या मुखांखाली गेली, की टाकीत पुष्कळ तेल असूनही त्याचे अभिसरण खंडित होते व वेटोळी जळतात. दुसरे रोहित्र बसेपर्यंत त्यावरील सर्व पंप बंद राहतात.