तांदूळ आणि रबर: सिलोन-चीन कराराची तीन दशके

१८ डिसेंबर १९५२ रोजी बीजिंगमध्ये सिलोन आणि चीन यांच्यात एक पंचवार्षिक करार झाला. त्यानुसार सिलोनने दरवर्षी ५०,००० टन रबर चीनला द्यायचे आणि चीनने दरवर्षी २,७०,००० टन तांदूळ सिलोनला पाठवायचा, असे ठरले. सिलोन म्हणजे १९७२ पासून श्रीलंका या नावाने ओळखला जाणारा देश. त्याने जानेवारी १९५० मध्येच चीनच्या साम्यवादी सरकारला मान्यता दिली होती, परंतु करार झाला तेव्हा दोघांपैकी एकाचीही वकिलात दुसऱ्याच्या राजधानीत नव्हती. त्यातच कोलंबोत सत्तेवर असलेला युनायटेड नॅशनल पक्ष साम्यवादाचा उघड विरोधक होता. अशा दोन सरकारांना एकत्र आणणारी कारणे विचारप्रणालीत सापडत नाहीत. ती सिलोनच्या शेतीच्या घडणीत आणि त्या काळच्या जागतिक बाजारपेठेत शोधावी लागतात.

ब्रिटिश अमदानीत सिलोनची अर्थव्यवस्था चहा, रबर आणि नारळ या तीन निर्यात पिकांवर उभी राहिली. मूळच्या ब्राझीलमधील रबराची रोपे १८७६ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानामार्गे या बेटावर आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींच्या टायरांमुळे मागणी वाढताच रबराचे मळे झपाट्याने पसरले. चहाचे मळे बहुतांशी ब्रिटिश कंपन्यांकडे होते, तर रबराचा मोठा भाग स्थानिक मालकांच्या, आणि त्यातही लहान बागायतदारांच्या, हातात होता. त्यामुळे रबराचा भाव पडला की त्याची झळ थेट मतदारापर्यंत पोहोचत असे. दुसरीकडे, निर्यात पिकांवर भर असलेल्या या देशाला आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तांदूळ ब्रह्मदेश आणि अन्य देशांतून विकत आणावा लागे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकल्यावर हा पुरवठा तुटला, बेटावर शिधावाटप सुरू झाले, आणि स्वस्त दराचा शिधा हा पुढे नागरिकांचा हक्कच मानला जाऊ लागला. त्याच वर्षी मलाया जपानच्या हाती गेल्याने दोस्त राष्ट्रांच्या रबराचा भार सिलोनवर आला आणि झाडांतून चीक काढण्याचे प्रमाण इतके वाढवण्यात आले की युद्ध संपेपर्यंत अनेक मळे थकून गेले होते.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन स्वतंत्र झाला. जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटल्यावर रबराचे भाव एकदम चढले आणि देशाच्या तिजोरीत भर पडली, पण ही तेजी टिकली नाही. १९५१ नंतर रबर उतरू लागले आणि त्याच सुमारास जागतिक बाजारात तांदूळ दुर्मीळ आणि महाग झाला. ज्या मालाच्या विक्रीतून अन्न विकत घ्यायचे तो माल स्वस्त आणि अन्न महाग, अशा दुहेरी पेचात नवे राष्ट्र सापडले. चीनची अडचण नेमकी याच्या उलट होती. १८ मे १९५१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने चीनला युद्धोपयोगी माल न पुरवण्याची शिफारस सदस्य राष्ट्रांना केली होती आणि रबर युद्धोपयोगी मानले जात असल्याने ब्रिटिशांच्या ताब्यातील मलायाचे रबरही चीनला बंद झाले होते. सिलोन मात्र त्या वेळी संयुक्त राष्ट्रांचा सदस्यच नव्हता, कारण त्याचा प्रवेश सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे अडला होता आणि तो डिसेंबर १९५५ पर्यंत अडलेलाच राहिला.

सिलोनने आधी अमेरिकेकडे तांदळाची आणि रबराला रास्त भावाची मागणी केली, परंतु वाटाघाटींतून समाधानकारक काही निघाले नाही. त्यानंतर ४ ऑक्टोबर १९५२ रोजी चीनशी पहिला व्यापारी करार झाला आणि डिसेंबरमध्ये पाच वर्षांच्या विनिमयाचा मोठा करार आकाराला आला. त्यामागे पंतप्रधान डडली सेनानायके यांचे नातलग आणि व्यापारमंत्री आर. जी. सेनानायके यांचा पुढाकार होता. चीनने रबराला सिंगापूरच्या बाजारभावापेक्षा चढा भाव देण्याचे मान्य केले. याची किंमतही सिलोनला मोजावी लागली: अमेरिकेच्या १९५१ च्या 'बॅटल कायद्या'नुसार, म्हणजे साम्यवादी देशांना युद्धोपयोगी माल विकणाऱ्या राष्ट्राची मदत रोखणाऱ्या कायद्यानुसार, सिलोनला अमेरिकी मदतीपासून दूर ठेवले गेले आणि ती १९५६ मध्येच सुरू झाली. कोलंबोतील सरकारने ही किंमत जाणूनबुजून पत्करली, कारण दूरच्या मदतीच्या आशेवर शिधापत्रिकेवरचा तांदूळ सोडून देणे त्याला परवडणारे नव्हते.

करारामुळे पुरवठ्याची हमी मिळाली, तरी स्वस्त शिध्याचा खर्च त्यामुळे सुटला नाही. जुलै १९५३ मध्ये सरकारने अनुदान कमी करून शिध्याच्या तांदळाचा दर मापामागे २५ सेंटवरून ७० सेंटवर नेला, तेव्हा १२ ऑगस्ट रोजी देशभर हरताळ पाळण्यात आला. मराठीतला हाच शब्द तिथेही रूढ आहे आणि त्या दिवसाची घटना श्रीलंकेच्या इतिहासात त्याच नावाने ओळखली जाते. ऑक्टोबरमध्ये डडली सेनानायके यांनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर आलेले सर जॉन कोटेलावाला यांनी १९५५ च्या बांडुंग परिषदेत पूर्व युरोपातील सोव्हिएत वर्चस्वाला वसाहतवाद म्हणत साम्यवादी गटावर टीका केली, तरीही चीनशी झालेल्या कराराला त्यांनी धक्का लावला नाही. यावरून हा करार एखाद्या पक्षाचा वा नेत्याचा न राहता देशाच्या अन्नव्यवस्थेचा भाग झाला होता, हे स्पष्ट होते.

राजनैतिक संबंध या व्यापाराच्या मागोमाग आले. एप्रिल १९५६ मध्ये एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके सत्तेवर आले, १९५७ च्या आरंभी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय कोलंबोला येऊन गेले आणि ७ फेब्रुवारी १९५७ रोजी दोन्ही देशांत औपचारिक राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. त्याच वर्षी नूतनीकरण झालेल्या करारात रबराला चढा भाव देण्याची तरतूद राहिली नाही. तिच्या जागी चीनने थकलेल्या मळ्यांत नवी लागवड करण्यासाठी पाच वर्षांत साडेसात कोटी रुपयांचे साहाय्य देऊ केले. व्यापारातून मिळणारा लाभ अशा रीतीने प्रथमच उघड मदतीचे रूप घेऊन आला. पुढे या मदतीची सर्वांत ठळक खूण कोलंबोत उभी राहिली: चीनने भेट दिलेले बंडारनायके स्मारक आंतरराष्ट्रीय परिषद सभागृह १९७३ मध्ये खुले झाले आणि १९७६ ची अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद तेथेच भरली.

दर पाच वर्षांनी नव्याने होत गेलेला हा करार १९८२ मध्ये संपुष्टात आला. १९७७ नंतर श्रीलंकेने खुल्या अर्थव्यवस्थेची वाट धरली होती, देशातील भाताचे उत्पादन वाढले होते, आणि ज्या बंदीमुळे चीनला कोलंबोच्या दारात यावे लागले ती केव्हाच मागे पडली होती. तीस वर्षांच्या या अवधीत दोन्ही बाजूंचा आकार, बळ आणि राज्यपद्धती कधीच समान नव्हती. समान होती ती फक्त गरज, आणि तीच या नात्याचा तोल सांभाळत होती. एकाच्या जहाजांतून रबर जात होते आणि दुसऱ्याच्या जहाजांतून तांदूळ येत होता, तोवर लहान देशाला मोठ्या देशापुढे ऋणको म्हणून उभे राहावे लागले नाही. पुढच्या काळात चिनी कर्जे आणि बंदरे यांभोवती श्रीलंकेत जे वाद उभे राहिले, ते समजून घेताना १९५२ च्या करारातील हा समतोल आठवणीत ठेवणे आवश्यक आहे.