घोड्याच्या तोंडातलं लोखंड

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या आमच्या यवतमध्ये लग्नसराईत वरातीचा घोडा हमखास दिसतो. अशाच एका वरातीत, डीजेच्या भिंतीसमोर उभा केलेला घोडा मी जवळून पाहिला. लगाम धरलेल्या मुलानं हिसका दिला की घोडा मान वर करून जबडा उघडायचा. तोंडाच्या फेसात लाल रेघ होती. वरात संपल्यावर घोडेवाल्यानं लगाम काढून दाखवला. तोंडात बसणाऱ्या कडीला लोखंडी काटे होते.

"दादा, काटे नसतील तर एवढ्या आवाजात जनावर आवरायचं कसं?" तो म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही.

मग वाचायला लागलो. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत मोकळी जागा असते. कडी तिथे, नुसत्या हिरडीवर आणि जिभेवर टेकते. सौम्य कडी गुळगुळीत असते, बहुधा मधे सांधा असलेली. हात जेवढा ओढेल, तेवढाच दाब. कडक कडीला दोन्ही बाजूंना खाली दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असते. ही सरळ तरफच! ओढ थोडी, दाब कितीतरी जास्त. काटेरी कडी तर टोचतेच.

मग कुणी कडक कडी का निवडेल? लढाईतला स्वार डोळ्यांसमोर आणा. उजव्या हातात भाला, डाव्या हातात लगाम. भरधाव घोडा एका हातानं वळवायचा, म्हणजे कडक कडीचा मोह होणारच.

पण दुसरी बाजूही आहे. शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. सभासद बखरीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याचं येतं. एकाकडे पाणी, दुसऱ्याकडे खूर. घोडा टिकला तर फौज टिकणार, हा तो हिशोब. तोंड सोललेला घोडा दाणा-वैरण धड खात नाही. शिलेदाराचा घोडा गेला, की त्याची चाकरीच धोक्यात. आपल्या राज्यगीतातली भीमथडीची तट्टं ही याच भीमाकाठची. ती नावाजली काटकपणासाठी, आणि उपाशी घोडा काटक राहत नाही.

सुमारे २,४०० वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफननं घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. त्याचा सल्ला असा, की स्वाराकडे दोन कड्या असाव्यात, एक गुळगुळीत आणि एक खरबरीत. खरबरीत कडीनं शिकलेल्या घोड्याला पुढे गुळगुळीत कडी सुखाची वाटते. म्हणजे कडक कडी शिकवणीपुरती, तीही जाणत्या हातात. आपल्याकडे उलटं झालंय. सर्वांत कडक कडी सर्वांत कमी शिकलेल्या हातात आहे. ओझी आणि गाड्या ओढणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत काटेरी लगामाला मनाई आहे. तरी तो वरातीत दिसतो.

दर आषाढीला तुकोबांची पालखी यवतला मुक्काम करते. पुढे बेलवाडीला गोल रिंगण होतं. हजारो वारकरी, टाळ-मृदंगाचा गजर, आणि मधून देवाचा अश्व दौडतो. त्याच्या पाठीवर स्वार नसतो, लगाम ओढणारा हात नसतो. तरी तो रिंगण सोडत नाही.

घोडेवाल्याला द्यायचं उत्तर मला तिथे सापडलं. आवाजात घोडा आवरतो तो सवयीनं आणि विश्वासानं. तेवढा वेळ द्यायचा नसतो, तेव्हा आपण काटे विकत घेतो.